कंसमावशींचे दोन बरोबर

तर काल सांगता सांगता राहिलं ते इथे, की बाईंनी बटण दाबून संगणकाचं तोंड बंद केलं, भिंतीतून वायर उपटली आणि शिपायाकरवी दुरुस्तीवाल्याला निरोप धाडला: ‘लगेच या, यंत्र खोटं बोलतंय.’

दुरुस्तीवाला हातातलं काम टाकून धावत आला. बघतो तर यंत्राला धुराचा वास नाही, ठिणगी नाही, काही नाही. बाईंनी फळ्याकडे बोट केलं. फळ्यावर शिस्तीत मांडलेलं: क्ष = क्ष + १. त्याखाली दोन्ही बाजूंचा क्ष तिरकी रेघ मारून उडवलेला. त्याखाली दुहेरी रेघ आणि उत्तर: ० = १.

“हे तुमच्या यंत्राचं म्हणणं,” बाई म्हणाल्या. “शून्य बरोबर एक! पुस्तकात होतं ते मी जसंच्या तसं टाइप केलं, आणि यानं हूं का चूं न करता गिळलं. यंत्र धड असतं तर त्यानं मला अडवायला नको?”

दुरुस्तीवाल्यानं डोकं खाजवलं. “बाई, त्याला जन्मात येतात शून्य आणि एक, दोनच आकडे. त्यात त्यानं गोंधळ घातला तर मग मी म्हणेन बिघडलंय. मी आतला पंखा तेवढा पुसून देतो. बाकी तुम्हा दोघांचं भांडण तुम्ही मिटवा.”

आणि खरंच पंखा पुसून तो निघून गेला.

आता ज्यांना काल यायला जमलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की या बाई म्हणजे गणिताच्या. शाळेत त्यांना कुणी नावानं ओळखतच नव्हतं. कुठलंही उदाहरण समोर आलं की बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं, “आधी कंस सोडवा!” मुलांनी बारसं करून टाकलं, ‘कंसमावशी’. बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मामापेक्षा मावशी बरी.” मूर्ती लहान, चष्मा मोठा, उजव्या हाताची दोन बोटं कायम खडूनं पांढरी. आणि वाक्याच्या शेवटी ‘बरोबर?’ विचारायची खोड. बाई म्हणणार, “पाच सात पस्तीस, बरोबर?” वर्ग ओरडणार, “बरोबर!” एकदा त्या म्हणाल्या, “आज फार उकडतंय, बरोबर?” तरी वर्ग ओरडला, “बरोबर!”

त्यांच्या गळ्यात हे संगणकाचं लोढणं पडलं ते असं. शाळेत संगणकाची खोली होती. पूर्वी ती मोडक्या बाकांची अडगळ होती, मग खिडकीला जाळी बसली, भिंतीला चुना लागला आणि लांब टेबलांवर यंत्रं मांडली गेली, दोन मुलांत एक. शिकवणारा तरुण दुसरी नोकरी लागली म्हणून गेला. मुख्याध्यापकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि बाईंना बोलावून म्हणाले, “आठवीची मागची तुकडी तुमच्याकडे आहेच. त्यांचा गणिताचा तास या खोलीत घ्या. हल्ली प्रोग्रॅमिंगमधून गणित शिकवतात म्हणे. ही मार्गदर्शिका.”

बाई म्हणाल्या, “सर, मला फोनवर निरोप लिहायला नातेवाईक लागतात.”

“मग मुलांच्या बरोबरीनं शिकाल,” मुख्याध्यापक म्हणाले. झालं. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

त्या भाषेचं नाव होतं पायथन, म्हणजे अजगर. घरी सांगितलं तर नवरा हसून हसून बेजार. “कंसाकडे अजगर हा असायचाच!” म्हणाला. हा गृहस्थ छापखान्यात मुद्रितं तपासायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेलं, त्यामुळे बायकोची एखादी चूक सापडली की त्याला पगारवाढ मिळाल्यासारखं वाटायचं.

तर शून्य बरोबर एकचं पुढे काय झालं? दुरुस्तीवाल्यानं हात झटकल्यावर बाईंनी आपल्या भाचीला फोन लावला. ती याच धंद्यातली. तिनं सगळं ऐकून घेतलं, फोन बाजूला ठेवून पोटभर हसली आणि मग म्हणाली, “अगं मावशी, ते ‘बरोबर’ नाहीच मुळी! ते ‘ठेव’ आहे. क्ष म्हणजे एक डबा. डब्यातलं काढ, त्यात एक मिळव आणि परत त्याच डब्यात ठेव. एवढंच सांगतंय ते.”

“मग दोन रेघा कशाला? त्या माझ्या आहेत!”

“तुझ्या एकटीच्या कुठे? सगळ्यांच्या आहेत. त्यांनी वापरल्या.”

बाईंना हे पटायला सबंध आठवडा गेला. उभा जन्म ज्या चिन्हाला तराजूची दांडी म्हणून शिकवलं, ते चिन्ह या अजगराच्या घरात हमालासारखं डबे भरत होतं. पण एकदा पटलं की बाई मागे वळून बघणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले रिकामे डबे पिशवीत भरून त्या शाळेत गेल्या. डब्यांवर कागद चिकटवले, क्ष, य, ज्ञ. आत बटणं टाकली. “हा क्षचा डबा. यात बटणं तीन. आता क्ष ठेव क्ष अधिक एक!” पोरं उठून डबे उघडायची, बटणं टाकायची, झाकणं लावायची आणि मग तेच यंत्रावर करून बघायची. वर्गात असा गलका की शेजारच्या तुकडीचे सर दारात येऊन विचारून गेले, “बाई, दुकान कधी उघडलंत?”

ही मागची तुकडी म्हणजे कशी, तर गणिताच्या तासाला जी मुलं खिडकीबाहेर बघत मोठी झाली ती. त्यात शिवणकामवालीची मुलगी होती. हुशार, पण गणित म्हटलं की तिची दातखीळ बसायची. पेनाचं टोपणसुद्धा काढायची नाही. चुकलं तर? ती आता यंत्रापुढे बसून बिनदिक्कत काहीही टाइप करायची. लाल अक्षरांत चूक दाखवली गेली की शेजारणीला म्हणायची, “ओरडला बघ,” आणि दुसरं काहीतरी टाइप करायची. यंत्र ओरडतं, पण इतरांदेखत ओरडत नाही, याचं त्या पोरीला किती अप्रूप वाटत होतं ते बाईंना दिसत होतं. त्या घरी येऊन नवऱ्याला सांगायच्या, “आज तिनं मला उलट प्रश्न विचारला. मला! गणितात!” जणू घरात पाळणा हलला होता.

पण सहामाहीत पाचावर धारण बसली.

पेपर तपासले शेजारच्या तुकडीच्या सरांनी. निकालाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना खोलीत बोलावलं. टेबलावर गठ्ठा. पेपर तपासणारे सर अगोदरच खुर्चीत बसलेले, चेहरा असा की हसावं की रडावं ते त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

“प्रश्न साधा होता,” सर म्हणाले. “दोन क्ष अधिक तीन बरोबर क्ष अधिक आठ, तर क्षची किंमत काढा. आता तुमच्या तुकडीची उत्तरं ऐका.” त्यांनी वरचा पेपर उचलला. “‘ही सूचना चुकीची आहे. डाव्या हाताला एकच डबा पाहिजे.’ हा दुसरा: ‘यंत्र हे घेणार नाही.’ हा तिसरा तर थोर आहे: ‘लाल अक्षरं आली.’ बाई, कागदावर लाल अक्षरं माझी येतात!”

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. कारण पोरं खोटं लिहीत नव्हती. हे सगळं बाईंनीच त्यांना शिकवलं होतं. ठेवायचं तर एका डब्यात ठेवायचं, ‘दोन क्ष अधिक तीन’ नावाचा डबा जगात नसतो. अगदी खरं. फक्त प्रश्न ठेवण्याचा नव्हता.

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. पण त्यालाही वर जाब द्यावा लागायचा. “पोरं परीक्षेला सांगतात, प्रश्नच चुकलाय,” ते म्हणाले. “पालक मला विचारतील. पुढची चाचणी समीकरणांवरच आहे. त्यात सुधारणा दिसली नाही, तर गणित परत फळ्यावर, आणि ही तुकडी सरांकडे. ते घोकून घेतील, निदान पास तरी होतील.”

“होतील,” सर म्हणाले. त्यांनी कुत्सितपणे म्हटलं नाही, आणि बाईंना तेच जास्त लागलं. सरांच्या वर्गात पोरं खरंच पास व्हायची. सर म्हणतील ते म्हणायची, सर लिहितील ते लिहायची. आणि प्रश्न विचारणारी ती शिवणकामवालीची मुलगी पुन्हा पेनाला टोपण लावून बसेल, या विचारानं बाईंना घास गोड लागेना.

घरी नवरा टेबलाशी मुद्रितं घेऊन बसला होता. बाईंनी सगळं सांगितलं. त्यानं चष्मा कपाळावर ढकलला.

“आमच्याकडे असं चालत नाही,” तो म्हणाला. “अक्षर काढायचं तर एक खूण, आत घालायचं तर दुसरी. एकाच खुणेनं दोन कामं सांगितली तर छपाईची अक्षरं जुळवणारा जुळारी ते खिळे माझ्या डोक्यात जुळवेल. तुझ्या अजगराकडे ‘ठेव’ला खूण आहे, मग ‘बरोबर का?’ असं विचारायचं झालं तर काय आहे?”

“नसेलच काही.”

“असं कसं नसेल? विचारल्याशिवाय संसार चालतो का?”

“आपला चालला आहे,” बाई म्हणाल्या, पण उठून त्यांनी मूळ मार्गदर्शिका काढली. पानं उलटता उलटता शेवटच्या प्रकरणाशी बोट थांबलं. तिथे स्वच्छ छापलेलं होतं: दोन बरोबर, एकाला एक लागून. ==. शेजारी अर्थ: डावी आणि उजवी बाजू सारखी आहे का ते विचारा. यंत्र ‘खरं’ किंवा ‘खोटं’ असं उत्तर देईल.

बाईंनी कपाळाला हात लावला. मग मुलांसाठी काढलेली टिपणं शोधली. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी स्वतः मार्गदर्शिकेवरून, अर्थ न लावता उतरवलेली आणि नवऱ्यानं छापखान्यात जुळवून आणलेली. शेवटच्या पानावर एकच बरोबर. त्या पानावरची सूचना यंत्र काही केल्या घेत नव्हतं, म्हणून बाईंनी ‘हे पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ते पान उलटून टाकलं होतं. त्यांनी हस्तलिखित काढलं. तिथे त्यांच्याच अक्षरात दोन बरोबर होते, आणि त्यातल्या दुसऱ्यावर निळ्या शाईनं, सफाईदार वळणाची, काढून टाकायची खूण.

घरात निळी शाई एकच माणूस वापरायचा.

“हे काय आहे?” बाईंनी कागद त्याच्या नाकासमोर धरला.

नवऱ्यानं चष्मा खाली ओढला. “चिन्ह दोनदा पडलं होतं,” तो बारीक आवाजात म्हणाला. “मला वाटलं, तुझा हात घसरला.”

“अहो, तुम्ही तर ध चा मा केलात!”

“ध चा मा करणाऱ्याला निदान काय करतोय ते माहीत होतं,” तो म्हणाला. “आणि छापायच्या आधी तुला दाखवलं होतं की मी. तू काय म्हणालीस? ‘बरोबर!’”

यावर बाईंना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दोघांनी जोडीनं घातलेला. नवऱ्यानं मुकाट्यानं उठून चहा टाकला. त्या घरात तो चहा टाकतो म्हणजे माफी मागतो, असा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात गेल्या आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘=’ म्हणजे हुकूम. ‘==’ म्हणजे विचारपूस.

“पेपरातला बरोबर कुठला होता?” त्यांनी विचारलं.

मग मागून आवाज आला, “विचारपूस वाटतं.”

“मग विचारा ना यंत्राला!”

शून्यापासून वीसपर्यंत एकेक आकडा क्षच्या डब्यात ठेवायचा, आणि दर वेळी विचारायचं: दोन क्ष अधिक तीन == क्ष अधिक आठ? पडद्यावर उत्तरं पडायला लागली. खोटं. खोटं. खोटं. खोटं. खोटं. खरं. खोटं. खोटं. सगळ्या खोलीत एकदम कुजबुज उठली. शिवणकामवालीची मुलगी खुर्चीतून अर्धी उठली होती. “बाई, एकट्या पाचाला हो म्हणतोय! बाकी कुणालाच नाही! म्हणजे... क्षची किंमत काढा म्हणजे हो कुणाला म्हणतोय ते शोधा?”

बाई इतकी वर्षं ‘किंमत काढा’ म्हणत आल्या होत्या. त्याचा अर्थ इतक्या सरळ शब्दांत त्यांनी स्वतःसुद्धा कधी सांगितला नव्हता. त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

मग काय, वर्गाला उधाण आलं. कुणी दोन गुणिले कंसात क्ष अधिक तीन, आणि दोन क्ष अधिक सहा, यांची विचारपूस केली. खरं, खरं, खरं, खाली पडदाभर खरं. “हा तर सगळ्यांनाच हो म्हणतो! याला विचारून काय फायदा?” एक पोरगा वैतागून म्हणाला. बाई म्हणाल्या, “कंस सोडवून बघ, म्हणजे दोघं एकच आहेत ते कळेल.” त्यानं सोडवला. आजवर कंस सोडवायचा का असतो हे त्याला कुणी पटवलंच नव्हतं. दुसऱ्यानं क्ष == क्ष अधिक एक घातलं. खाली पडदाभर खोटं. ते बघून बाई एकट्याच खुदकन हसल्या. दुरुस्तीवाल्याचा पंखा पुसण्याचा प्रकार वर्गाला ठाऊक नव्हता, आणि त्यांनी सांगितलाही नाही.

पण पोरं ती पोरंच. चौथ्या दिवशी एकानं घोडं अडवलं. “बाई, यंत्र शोधून देतंय, मग कागदावर कशाला सोडवायचं?”

बाई याचीच वाट बघत होत्या. त्यांनी नवं समीकरण दिलं: दोन क्ष अधिक तीन == आठ. पोरांनी यंत्र चालवलं. खोटं, खोटं, शेवटपर्यंत खोटं. “उत्तरच नाही!” वर्गानं निकाल दिला. “हजारपर्यंत विचारू,” कुणी म्हणालं. हजारपर्यंत विचारलं. खोटं.

शिवणकामवालीची मुलगी मात्र पडद्याकडे बघत नव्हती. तिनं पेनाचं टोपण दातांत धरलं होतं आणि कागदावर काहीतरी चाललं होतं. “दोनाला सात येतात,” ती स्वतःशीच पुटपुटली, “तीनाला नऊ. आठ मध्येच राहिले...” मग तिनं दोन्ही बाजूंतून तीन काढले, दोनानं भागलं आणि मान वर केली. “बाई, अडीच! तो नाही म्हणाला कारण आपण अडीचाला विचारलंच नव्हतं!”

“मग अडीच कुठून आलं?” बाईंनी वर्गाला विचारलं.

“कागदावरून,” तो घोडं अडवणारा म्हणाला, जरा पडेल आवाजात. आणि त्यानं वही उघडली.

चाचणी झाली. याही वेळी पेपर सरांनीच तपासले. तसा बाईंनीच आग्रह धरला होता. निकालाच्या दिवशी पुन्हा तीच खोली, तेच टेबल. एका पेपरात उत्तराच्या आधी लिहिलं होतं, ‘हा प्रश्न विचारपूस आहे असे धरून सोडवत आहे.’ सरांनी त्याला बरोबरची खूण केली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘धरायला हरकत नाही.’ एका मुलीनं उत्तर काढून झाल्यावर खाली ते समीकरणात परत घालून बघितलं होतं आणि लिहिलं होतं, ‘खरं.’ असं उलटं तपासायला सर वर्षानुवर्षं सांगत आले होते, कुणी करत नव्हतं. ते पेपर बाजूला ठेवून सर म्हणाले, “बाई, एक दिवस मला बसू द्या तुमच्या दुकानात. मागच्या बाकावर.”

“डबे घासायला लागतील,” बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी गुणपत्रक दोनदा वाचलं. बऱ्याच जणांचे गुण वर गेले होते, काहींचे चांगलेच. तुकडी बाईंकडे राहणार, खोलीही राहणार, असं त्यांनी सांगितलं. पण सरांचं बोट तक्त्याच्या तळाशी होतं. चार-दोन पोरं अजून नापासच होती.

“एवढी फक्त,” मुख्याध्यापक म्हणाले, अगदी मऊ आवाजात, “एवढी तरी सरांकडे देऊन टाकू का? तुमचाही भार हलका होईल, आणि तुकडीचा निकाल देखणा दिसेल.”

बाईंनी ते पेपर जवळ ओढले. एकेक उघडून पाहिला. पानंच्या पानं खाडाखोड, मधेच बाण, डब्यांची चित्रं, चुकीच्या बाजूला गेलेले तीन. त्यांनी पेपर नीट एकावर एक रचले, हाताखाली धरले आणि म्हणाल्या:

“नाही सर. ही पोरं परवापरवापर्यंत पेपर कोरा द्यायची, या वेळी चुकीचा दिलाय. कोऱ्या कागदात मी काय दुरुस्त करणार होते? आता कुठे माझ्या हाताला काम लागलंय, तर ते तेवढं माझ्याकडेच राहू द्या.”